अनुदान, अभिलेख आणि वाङ्मयेतिहास

१

वाङ्मयेतिहास लिहिणारा अभ्यासक संहिता आपल्यापुढे आहेत असे गृहीत धरूनच लेखनास बसतो. त्या संहिता त्याच्यापर्यंत कशा पोहोचल्या, त्या कोणी विकत घेतल्या, कोणत्या कपाटात टिकल्या आणि त्या कपाटाची डागडुजी कोणाच्या पैशाने झाली, हे प्रश्न तो सहसा ग्रंथपालावर सोपवून मोकळा होतो. साहित्यव्यवहाराचा विचार आपल्याकडे लेखक, प्रकाशक, समीक्षक आणि वाचक या चार बिंदूंभोवती होत आला. या चौघांनाही धरून असणारी, पण स्वतः जवळजवळ अदृश्य राहिलेली संस्था म्हणजे ग्रंथालय. आणि ग्रंथालयाच्याही मागे उभी असलेली, त्याहून अदृश्य गोष्ट म्हणजे त्याला मिळणारे द्रव्य.

या अदृश्यतेची किंमत किती असू शकते हे एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. समकालीनांपैकी जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये त्याची बाजू घेतली. त्यानंतर मात्र मराठी समीक्षेच्या लेखी हा ग्रंथ नसल्यातच जमा होता. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो संपादून पुन्हा प्रकाशात आणला आणि ती आवृत्ती प्रसिद्ध केली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने. आज मराठीतील स्त्रीवादी विचाराचा कोणताही इतिहास या निबंधाला वगळून लिहिता येत नाही. मधल्या ९३ वर्षांत या ग्रंथाच्या उरल्यासुरल्या प्रती वाळवीने खाल्ल्या असत्या किंवा रद्दीत गेल्या असत्या, तर आपला इतिहास जसा लिहिला जात होता तसाच लिहिला जात राहिला असता. त्यात काही उणे आहे, हे कोणाच्या ध्यानातही आले नसते.

वाङ्मयेतिहासातील पोकळी नेहमी अशीच असते: ती स्वतःची खूण मागे ठेवीत नाही. म्हणून राज्यसंस्थेने ग्रंथालयांना आणि अभिलेखागारांना पैसा कोणत्या हेतूने दिला, कोणत्या मापाने दिला आणि त्या मापाने आपल्या वाङ्मयेतिहासाला कोणता आकार आला, हा प्रश्न प्रशासनाचा जितका आहे तितकाच समीक्षेचाही आहे. महाराष्ट्रापुरती त्याची मांडणी येथे करावयाची आहे.

२

आधुनिक काळात महाराष्ट्रात कागदपत्रांच्या जतनावर सरकारी पैसा खर्च झाला तो प्रथम राज्यकारभाराच्या सोयीसाठी. मुंबईच्या अभिलेखागाराचा आरंभ १८२१ मधला, म्हणजे एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीतला. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर पेशव्यांचे दप्तर कंपनी सरकारच्या ताब्यात आले. सरकारच्या दृष्टीने ते इतिहासाचे साधन नव्हते, महसुलाचे साधन होते. कोणाचे इनाम खरे, कोणाचे वतन खोटे, कोणत्या गावावर किती सारा बसतो, हे ठरविण्यासाठी ते रुमाल सोडले आणि बांधले जात. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला जे अधिकार मिळाले त्यांनंतर या दप्तराचा उपयोग अधिकच काटेकोरपणे होऊ लागला. ज्या कागदावर हक्क ठरतात तो कागद सांभाळावाच लागतो. त्यासाठी खर्चाची तरतूद कधी कमी पडली नाही.

इतिहासाभ्यासकांना मात्र हे दप्तर दीर्घकाळ सहजी खुले नव्हते. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तो वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरून आणि पेटाऱ्यांतून गोळा केलेल्या कागदांच्या बळावर. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रहही अशाच खाजगी वणवणीतून आणि वर्गणीतून उभा राहिला. सरकारने गो. स. सरदेसाई यांच्याकडून पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध करविले ते १९३० ते १९३४ या काळात, म्हणजे दप्तर हाती आल्यानंतर शतक उलटून गेल्यावर. मराठी गद्याचा इतिहास लिहिताना पत्रे, करीणे, यादी आणि कैफियती यांना आपण आज जे स्थान देतो ते या दोन प्रवाहांमुळे. एकात सरकारचा पैसा होता पण वाट बंद होती. दुसऱ्यात वाट मोकळी होती पण पैसा नव्हता.

मुद्रित ग्रंथांच्या बाबतीत हीच विसंगती अधिक ठळक होते. १८६७ च्या मुद्रणालये व ग्रंथनोंदणी अधिनियमान्वये प्रत्येक मुद्रकाने छापलेल्या ग्रंथाच्या प्रती सरकारकडे विनामूल्य पाठविणे बंधनकारक झाले. त्या प्रतींवरून ग्रंथाचे नाव, भाषा, लेखक, मुद्रणस्थळ, पृष्ठसंख्या, आवृत्ती, किंमत आणि छापलेल्या प्रतींची संख्या एवढा तपशील नोंदला जाई; ती नोंद दर तिमाहीस राजपत्रातून प्रसिद्ध होई. हा खटाटोप अर्थातच साहित्यप्रेमातून झाला नव्हता. १८५७ नंतरच्या सरकारला देशी भाषांतून काय छापले जाते यावर नजर ठेवायची होती. परंतु पाळतीसाठी केलेली ही नोंद पुढे सूचिकारांचा आणि इतिहासकारांचा मोठा आधार ठरली. १८६७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांना 'दोलामुद्रिते' म्हणण्याचा प्रघात पडला त्याचे कारणही हेच: त्या वर्षापासून मराठी ग्रंथाची सरकारदरबारी जन्मनोंद होऊ लागली. एखाद्या कादंबरीच्या किती प्रती निघाल्या आणि तिची किंमत काय होती हे वाचकवर्गाच्या इतिहासातले कळीचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे लेखकाच्या आत्मचरित्रात क्वचितच सापडतात. या नोंदींत ती सापडतात.

राज्यसंस्थेने ज्या हेतूने खर्च केला तो हेतू आणि त्या खर्चाचे फलित यांत असे अंतर पडते. हे अंतर लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुढे लोककल्याणाच्या हेतूने जो खर्च झाला त्याचे फलितही हेतूपासून असेच दूर गेलेले दिसते.

३

ग्रंथालयांची कथा वेगळी आहे. रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०) येथील आरंभीची ग्रंथालये युरोपीय अधिकारी, संस्थानिक, सरदार आणि नवशिक्षित यांच्या वर्गणीवर उभी राहिली. पुण्याच्या ग्रंथालयाशी लोकहितवादींचे नाव निगडित आहे. 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' हे अशा संस्थांचे त्या काळचे नावच त्यांचा पिंड सांगते: वाचक 'नेटिव्ह', ज्ञान 'जनरल' आणि ग्रंथ बव्हंशी इंग्रजी.

मराठी ग्रंथ हा जतन करण्याजोगा आहे हा विचार संस्थारूपाने प्रकट झाला तो १८९३ मध्ये, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात. १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्याच वाटेने आले. ठाण्याच्या संस्थेचे एक संस्थापक विनायक लक्ष्मण भावे होते. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहून मराठी वाङ्मयेतिहासाची पहिली भक्कम चौकट उभारणारा लेखक आणि मराठी ग्रंथांचे पहिले संग्रहालय उभारणारा कार्यकर्ता एकच असावा, हा योगायोग मानता येत नाही. भाव्यांच्या दृष्टीने संग्रह आणि इतिहास ही एकाच कार्याची दोन अंगे होती. ग्रंथ जमविल्यावाचून इतिहास लिहिता येत नाही, आणि इतिहासाची दृष्टी असल्यावाचून काय जमवावे हे कळत नाही. पुढच्या काळात विद्यापीठांच्या मराठी विभागांनी इतिहास आपल्याकडे घेतला आणि संग्रह ग्रंथपालांकडे गेला. ही फारकत आपल्या ज्ञानशाखेला महाग पडली आहे.

१८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची करणारे शं. ग. दाते यांनीही एखाद्या खात्याने करावे असे काम एकट्याने अंगावर घेतले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मराठी ग्रंथांचे जतन ही समाजाने स्वतःवर घेतलेली जबाबदारी होती. या व्यवस्थेची मर्यादाही उघड आहे. ज्या समाजगटांकडे वर्गणी होती, वाडे होते आणि सवड होती, त्यांच्या अभिरुचीने संग्रह ठरला. सत्यशोधकी चोपड्या, तमाशाच्या वगांची बाडे, गिरणगावातले छापील पोवाडे यांना या कपाटांत जागा मिळाली ती अपवादानेच. लोकवर्गणी म्हणजे सर्व लोकांची वर्गणी नव्हे.

राज्यसंस्थेने ही जबाबदारी उचलल्याचे एक उदाहरण मराठी राजसत्तेनेच घालून दिले होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आणले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची ग्रंथालये आणि पेट्यांतून हिंडणारी फिरती ग्रंथालये अशी रचना तेथे झाली. गावाने एक तृतीयांश पैसा उभा करावा, प्रांत पंचायतीने तेवढाच द्यावा आणि उरलेला सरकारने घालावा, असे खर्चाचे तत्त्व होते. या तत्त्वात दोन गोष्टी होत्या. गावाचा वाटा असल्याने ग्रंथालय गावाचे राही. आणि गावाने आपला वाटा उचलला की सरकारचा वाटा ठरलेला असे, त्यासाठी अर्जविनंत्या कराव्या लागत नसत.

४

मुंबई सरकारने १९३९ मध्ये आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालयविकास समिती नेमली. तिने १९४० मध्ये अहवाल दिला. मध्यवर्ती ग्रंथालयापासून विभाग, जिल्हा, तालुका आणि खेडे अशी उतरंड तिने सुचविली होती. युद्धाच्या धामधुमीत अहवाल बाजूला पडला आणि १९४७ च्या सुमारास त्यातील काही भाग अमलात येऊ लागला. सरकारने ग्रंथालये स्वतः चालविण्याऐवजी अस्तित्वात असलेल्या संस्थांना मान्यता देऊन अनुदान द्यावे, ही रीत त्या काळी रूढ झाली.

ग्रंथालयांना कायद्याचा आधार देण्याच्या बाबतीत आजच्या महाराष्ट्राचे दोन भूभाग मुंबई राज्याच्या पुढे होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रास प्रांताचा १९४८ चा कायदा स्वतंत्र भारतातील पहिला मानला जातो. कोल्हापूरचा त्याच्याही आधीचा. १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा प्रयोग तेथेच थांबला. हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा १९५५ चा. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. निजामी राजवटीत उघड राजकीय सभांवर बंधने असताना वाचनालय हे लोकजागृतीचे ठिकाण झाले होते, ही त्यामागची पार्श्वभूमी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला, जेथे असा कायदा नव्हता.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. त्याने स्वतंत्र ग्रंथालय संचालनालय, राज्य ग्रंथालय परिषद आणि ग्रंथालय निधी निर्माण केला. त्या निधीत शासनाने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत असे बंधन घातले. मद्रासच्या कायद्यात मालमत्ताकरावरील ग्रंथालय उपकर होता. महाराष्ट्राने तो नाकारला. या नाकारण्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. उपकर म्हणजे नागरिकाने ग्रंथालयासाठी दिलेला आणि म्हणून त्याच कारणी लागावा असा पैसा. अनुदान म्हणजे शासनाने आपल्या तिजोरीतून, आपल्या नियमांनी आणि आपल्या सोयीने दिलेला पैसा. पहिल्यात वाचकाचा हक्क असतो. दुसऱ्यात संस्थेची पात्रता तपासली जाते. २५ लाखांची किमान मर्यादा रुपयांत लिहिली गेली आणि रुपयाची किंमत दरवर्षी उतरत गेली, एवढ्यावरूनही त्या बंधनाचे बळ कळून यावे.

उपकर हा रामबाण उपाय होता असे मात्र नव्हे. जेथे तो आहे तेथे महापालिकांनी वसूल केलेला पैसा ग्रंथालयांपर्यंत पोहोचविलाच नाही, अशा तक्रारी वर्षानुवर्षे झाल्या आहेत. तथापि थकलेल्या हक्काची मागणी करता येते; न मिळालेल्या कृपेची करता येत नाही.

५

१९७० च्या नियमांनी मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरविले. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके, कामाचे तास अशा निकषांवर वर्ग आणि वर्गावर अनुदान अवलंबून राहिले. या व्यवस्थेचे श्रेय निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. तालुक्याच्या आणि खेड्याच्या पातळीवर ११ ते १२ हजार ग्रंथालयांचे जाळे तिच्यामुळे पसरले. १९६० नंतर ग्रामीण आणि दलित लेखकांची जी पिढी पुढे आली तिच्यातील अनेकांच्या हाती पहिले अवांतर पुस्तक पडले ते अशाच एखाद्या खोलीवजा वाचनालयात. साहित्याच्या लोकशाहीकरणाचा विचार करताना १९६७ च्या कायद्याला नियतकालिकांच्या चळवळीइतकेच महत्त्व द्यावे लागेल.

परंतु ही व्यवस्था मोजण्यावर उभी आहे आणि मोजणीला ग्रंथाचे वय कळत नाही. तिच्या हिशेबात १८८२ सालची दुर्मीळ प्रत आणि गेल्या मार्चमध्ये घेतलेले पाककृतींचे पुस्तक यांची किंमत सारखीच: एक. जुन्या ग्रंथाला बांधणी लागते, औषध लागते, कोरडी जागा लागते आणि जाणता माणूस लागतो. नवा ग्रंथ घेतल्याने संख्या वाढते. जुना दुरुस्त केल्याने संख्या तेवढीच राहते. वार्षिक तपासणीच्या भीतीत वावरणाऱ्या आणि तुटपुंज्या वेतनावर काम करणाऱ्या ग्रंथपालाने यांतून काय निवडावे हे सांगण्याची गरज नाही. शंभर-दीडशे वर्षांच्या ग्रंथालयांत 'दुर्मीळ विभाग' नावाचे एक कुलूपबंद कपाट असते. ते क्वचितच उघडते, आणि उघडले की पानांचा भुगा हाती येतो. या अवस्थेला ग्रंथपालाची अनास्था म्हणणे सोपे आहे. खरे कारण निकषांच्या तक्त्यात आहे.

दुसरा परिणाम नव्या निर्मितीवर झाला. शासनमान्य ग्रंथांची यादी, वितरकांची सवलत आणि आर्थिक वर्ष संपताना एकगठ्ठा होणारी खरेदी यांमुळे ग्रंथालय हे मराठी प्रकाशनाचे एक मोठे गिऱ्हाईक बनले. केवळ ग्रंथालयांकडे डोळा ठेवून काढलेल्या कादंबऱ्या आणि संकलने यांचा एक वेगळा प्रकारच त्यातून उदयास आला. वाचकाने निवडल्यावाचून खपणारा ग्रंथ ही वाङ्मयीन समाजशास्त्रातील विलक्षण वस्तू आहे. आपल्या समीक्षेने तिच्याकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही. वाचककेंद्री समीक्षेची परिभाषा आपण हौसेने उचलली. परंतु तो वाचक कोणत्या कपाटासमोर उभा होता आणि त्या कपाटातील ग्रंथ तेथे कसे आले, हे विचारले नाही. ग्रंथालयांच्या देवघेव नोंदवह्या हा मराठी वाचनाचा सर्वांत सच्चा अभिलेख ठरला असता. त्या जतन करण्याचे कलम कोणत्याही निकषात नसल्याने त्या वह्या रद्दीत जातात.

२०१२ मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभरच्या ग्रंथालयांची पडताळणी झाली. कागदावरच्या ग्रंथालयांना चाप बसणे आवश्यकच होते. परंतु त्यानंतर नव्या मान्यता आणि दर्जावाढ दीर्घकाळ थांबल्या, आणि चांगली संस्थाही बनावट संस्थेबरोबर शिक्षेस पात्र ठरली. संख्येवर उभारलेल्या व्यवस्थेत गैरप्रकार होतो तोही संख्येचाच, आणि त्यावर उपाय योजला जातो तोही संख्या गोठविण्याचाच.

अभिलेखागारांच्या बाबतीत वसाहतकाळाची मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. २००५ चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम शासनाच्या आणि शासकीय संस्थांच्या कागदपत्रांचा विचार करतो, आणि ते त्याच्या नावाला धरूनच आहे. लेखकाची हस्तलिखिते, खर्डे, पत्रव्यवहार, लघुनियतकालिकांच्या संपादकांच्या फायली या व्याख्येत बसत नाहीत. फुल्यांचे 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ मध्ये लिहिले गेले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही असे फुल्यांनीच नमूद केले आहे. पेशव्यांच्या दक्षिणेतून सरकारने चालविलेल्या निधीचा हा निर्णय होता. नाटक छापले गेले ते १९७९ मध्ये. सरकारी पैशाने एका संहितेला नाकारले आणि तिला प्रकाशात यायला १२४ वर्षे लागली. ती आली ती केवळ हस्तलिखित टिकले म्हणून. जी टिकली नाहीत त्यांची यादी करता येत नाही.

६

या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. शासनाचा पैसा वाढला की शासनाचा हातही वाढतो. मग जतन कशाचे करावे आणि कशाचे करू नये हेही शासनच ठरवील. संस्थांची स्वायत्तता हे महाराष्ट्राचे बळ आहे आणि १९६७ च्या कायद्याने तिला धक्का लावला नाही, हे खरे. पण अनुदानाच्या आजच्या रचनेत स्वायत्ततेचे रक्षण होते असे समजणे भाबडेपणाचे आहे. वर्षाअखेरीच्या हप्त्यावर ज्या संस्थेचे वेतन अवलंबून असते ती निर्णय घ्यायला मोकळी असते. तिच्या निर्णयाला पैसा मात्र नसतो. बडोद्याच्या योजनेत सरकारचा वाटा नियमाने बांधलेला होता, आणि म्हणूनच तो मागताना गावाला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नव्हते.

आज या प्रश्नाला एक नवी निकड आली आहे. १८६७ च्या अधिनियमाची जागा २०२३ च्या मुद्रणालये व नियतकालिके नोंदणी अधिनियमाने घेतली आणि तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला. नव्या कायद्याच्या कक्षेतून ग्रंथ वगळण्यात आले आहेत. लेखनस्वातंत्र्याच्या दृष्टीने पाळतीचा एक जुना कायदा गेला याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्या कायद्याबरोबर ग्रंथाची आणि त्याच्या प्रतसंख्येची सक्तीची नोंदही गेली. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना प्रती पाठवाव्यात ही अपेक्षा शिल्लक आहे. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्या ग्रंथालयांपैकी एक आहे. पण पाठविलेली प्रत ठेवायला जागा, नोंदायला माणसे आणि न पाठविणाऱ्याला जाब विचारण्याची यंत्रणा यांसाठी पैसा हवा. पाळतीसाठी जो खर्च परक्या सरकारने न कुरकुरता केला, तो स्मृतीसाठी आपल्या सरकारने करावा ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

म्हणून अनुदानाचे दर वाढवून मागणे पुरेसे नाही. मापच बदलून मागितले पाहिजे. शतकाहून जुन्या संग्रहांच्या जतनासाठी ग्रंथसंख्येशी न जोडलेले स्वतंत्र शीर्ष, लेखकांच्या व नियतकालिकांच्या कागदपत्रांसाठी वाङ्मयीन अभिलेखागार, आणि मराठी ग्रंथांची नियमित राज्यसूची या तीन गोष्टी त्यात याव्यात. यांतील एकही गोष्ट ग्रंथपालांच्या संघटनेने एकटीने मागावी अशी नाही. तिचा पहिला लाभार्थी समीक्षक आणि वाङ्मयेतिहासकार आहे. तोच या प्रश्नावर सर्वांत मूक राहिला आहे. भाव्यांनी संग्रह आणि इतिहास ही दोन कामे एकत्र पाहिली होती. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी निदान आपल्या जिल्ह्यातील सर्वांत जुन्या ग्रंथालयातील कुलूपबंद कपाटाची यादी करण्यापासून आरंभ करावा. त्या कपाटात काय आहे हे ठाऊक नसताना मराठी वाङ्मयाचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.